शालनताई, पट्टी मी उतरवली होती

शालनताई, तुम्ही गेल्यापासून तुमचे इतके फोटो माझ्यासमोर आलेत, की नेमकं कोण गेलं याचाच माझ्या डोक्यात घोळ झालाय.

आपल्या सांगलीत, गावभागातल्या चौकात, तरुण मंडळानं फ्लेक्स लावलाय. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली तुम्ही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, डोळे वटारलेले. पोरांना बिचाऱ्यांना सिनेमातल्या खाष्ट सासूच्या कामातलाच फोटो सापडला. लोक जाता-येता हात जोडतात, पण ते दुःखानं जोडतात की धाकानं, मला सांगता येत नाही. पेपरात छापून आली ती न्यायाधीशबाई. माधवनगरच्या बायका मोबाइलवर एकमेकींना पाठवतायत तो फोटो आणखी वेगळा, त्यात तुम्ही मागासाठी सुताच्या कांड्या भरताय आणि केसांत सूत अडकलंय. आणि तुमच्या घरात मेधानं टेबलावर ठेवलाय तो कुठल्याशा लग्नातला. तुम्ही जिलेबी खाताय, अर्धं तोंड भरलेलं आहे. मी म्हटलं, “अगं, दुसरा नाही का सापडला?” तर तुमची लेक म्हणाली, “आप्पाकाका, आई म्हणून हा एकच आहे. बाकी सगळ्यांत ती दुसरीच कुणीतरी आहे.”

परवा शोकसभा आहे. मंडळाचे चिटणीस घरी येऊन गेले. म्हणाले, “आप्पा, तुम्ही दहा मिनिटं बोला. ताईंनी गाणं ऐन भरात असताना संगीत नाटक का सोडलं, एवढंच सांगा. लोकांना कायम तो प्रश्न आहे, आणि तुमच्याइतकं ते कुणाला माहीत असणार?” मी हो म्हणालो. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. ते गेल्यावर वही घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की मला ते माहीत नाही. म्हणजे एक गोष्ट माहीत आहे, जी दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. पण ती खरी आहे का, ते फक्त तुम्ही सांगू शकला असता. म्हणून सभेचं भाषण राहिलं बाजूला, आणि मी तुम्हालाच लिहीत बसलोय.

तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी पहिल्या तालमीपासून मी ताईच म्हणत आलो. तीस वर्षं तुम्ही गायलात आणि मी ऑर्गन वाजवला. दिवसा कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडायच्या आणि प्रयोग असला की रजा टाकून तुमच्या मागं कराड, सातारा, इस्लामपूर. लोक मला पेटीवाला म्हणायचे. मी दर वेळी सुधारायचो, की पेटीचा भाता हातानं हलवतात, ऑर्गनला पाय मारावे लागतात. तुम्ही एकदा वैतागून म्हणालात, “आप्पा, ऐकणाऱ्याला तुमचे पाय दिसत नाहीत हो.” तेव्हापासून मी सुधारायचं बंद केलं. फक्त मनात सुधारतो.

तुमचा सूर काळी पाच. हे तुम्हाला सांगायला नको, पण परवाच्या सभेत कुणी नवखा असलाच तर त्याच्यासाठी. गाणारा कुठल्या पट्टीला आपला सा धरतो, ते त्याचं घर असतं. तुमचं घर पाचवी काळी पट्टी. तिच्या डाव्या अंगाला लागून पांढरी सहा. अंतर अर्ध्या सुराचं. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण गाणाऱ्याला वरच्या सापर्यंत पोचायचं असतं तेव्हा तेवढं अर्धं पाऊल फार मोठं वाटतं. आणि आपल्यातला नियम असा, की घर बदलायचं तर ते गाणाऱ्यानं सांगायचं. “आप्पा, आज अर्धा सूर खाली,” असं गाणारी म्हणेल, मग वाजवणारा खाली येईल. न विचारता कुणाची पट्टी उतरवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटातली भाकरी परस्पर काढून घेणं. हे मला माझ्या गुरूंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

इस्लामपूरला दुसऱ्या अंकात तुमचा आवाज वरच्या सावर फाटला. फार नाही, धोतराला खिळा लागून जेवढं फाटतं तेवढाच. टाळ्या पडल्या, कारण इस्लामपूर तुमच्यावर खूश होतं. परतताना गाडीत तुम्ही ज्येष्ठमध चघळत म्हणालात, “हवा बदललीय.” पंधरा दिवसांनी कराडला परत तेच, आणि आता हवा बदललेली नव्हती. परतताना इस्लामपूर मागं पडेपर्यंत तुम्ही खिडकीतून उसाचे फड बघत बसलात, जणू कधी ऊसच बघितला नव्हता.

पुढचा प्रयोग साताऱ्याला, रविवारी दुपारचा. मी लवकर पोचलो. मिरजेचे बाबूभाई तबला लावत बसले होते. मी म्हटलं, “बाबूभाई, आज पांढरी सहा.”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. “ताईंनी सांगितलं?”

“नाही.”

“मग इचारा की त्यांना.”

“काय विचारू? तुमचा आवाज खाली आलाय, असं तोंडावर सांगू?”

बाबूभाईंनी हातोडी पुन्हा उचलली. मग म्हणाले, “आप्पा, हे चोरीचं काम हाय. पर तुमी चांगल्यासाठी म्हनताय, तर मी तबला उतरवतो. माझं नाव मात्र घ्यायचं न्हाई.” मी कधी घेतलं नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले, म्हणून आज घेतोय.

पडदा वर गेला. तुमचं पहिलं पद आलं. मी सूर दिला, पांढरी सहा. एक आवर्तन गेलं आणि तुम्ही गायलाच सुरुवात केली नाहीत. नाटकातल्या बाईनं जरा विचारात पडावं, इतपतच. दुसऱ्या आवर्तनाला तुम्ही आलात आणि मग जे गायलात ते साताऱ्यातले म्हातारे अजून आठवून सांगतात. वरचा सा असा लागला, की मागच्या रांगेतून कुणीतरी “अगं बया!” म्हणालं. दोनदा वन्समोअर. प्रयोग संपल्यावर तुम्ही माझ्याजवळ येऊन म्हणालात, “आप्पा, आज घसा मोकळा होता.” आणि मी, मूर्ख माणूस, म्हणालो, “साताऱ्याची हवाच चांगली.”

ताई, मी वीस वर्षं ती दोन वाक्यं उलटीपालटी करून बघतोय. तुम्हाला कळलं नव्हतं आणि तुम्ही खरंच खुशीत होता? की कळलं होतं आणि तुम्ही मला एक संधी देत होता, बोला आता, म्हणून? तीस वर्षं एका घरात राहणाऱ्या बाईला कुणी गुपचूप घर हलवलं तर कळणार नाही? पण मग त्या दिवशी गायलात कशा तुम्ही, इतक्या मोकळ्या?

पुढं वर्षभर मी पांढरी सहाच दिली. सतरा प्रयोग. एकदाही आवाज फाटला नाही. आणि मग सांगलीतला प्रयोग झाला, तुम्ही अंबाड्यावरची वेणी काढत होता आणि सहज म्हणालात, “आप्पा, आता पुरे.” मला वाटलं, आजच्यापुरतं पुरे. पंधरा दिवसांनी कळलं की तुम्ही वाईकडं शूटिंगला गेलाय, सिनेमात सासू म्हणून.

तेव्हापासून माझं डोकं दोन वाटांवर उभं आहे. एक वाट म्हणते, आप्पा, बाईंना काही कळलं नव्हतं, त्यांना सिनेमा मिळाला, त्या गेल्या. दुसरी म्हणते, त्यांना पहिल्याच आवर्तनात कळलं होतं, अपमान गिळून वर्षभर गायल्या, आणि शेवटी तुझ्या तोंडावर पुरे म्हणून निघून गेल्या. पहिली वाट खरी असेल तर मी निर्दोष आहे. दुसरी खरी असेल तर आपल्या भागातला सगळ्यात चांगला गळा मी बंद केला. गेली एकोणीस वर्षं मी सकाळी निर्दोष असतो आणि संध्याकाळी दोषी, असं चाललंय.

तुमचे सगळे सिनेमे मी बघितले ते याच भानगडीसाठी. तुम्हाला वाटायचं, आप्पांना सिनेमाचा नाद लागला. दुपारच्या खेळाला एकटा जायचो. तुमचं काम कौतुकानं बघावं, हे माझ्या नशिबी नव्हतं. मी पडद्यावर स्वतःला शोधत असायचो. सासूच्या कामात तुम्ही सुनेच्या ताटातली भाकरी उचलून घेता. बायका चुकचुकल्या. मला वाटलं, ताईंनी हे मुद्दाम घातलंय, हे मला आहे. विश्रामबागच्या बाजारात एका भाजीवालीनं तुम्हाला त्या सासूपायी कोथिंबीर द्यायला नकार दिला होता, ते तुम्ही हसत हसत सांगितलंत, तेव्हा मी तिच्या बाजूचा होतो.

मग न्यायाधीशबाई झालात. मी म्हटलं, आता निकाल लागणार. अख्ख्या सिनेमात तुम्ही तीनदा आलात आणि तिन्ही वेळा पुढची तारीख दिलीत. माधवनगरची कांड्या भरणारी झालात, त्याआधी आठवडाभर डबा घेऊन त्या बायकांत जाऊन बसलात. त्यातली एक मला नंतर म्हणाली, “बाई आमच्यासारखंच पाठीला हात लावून उठत्यात.” खंडाळ्याकडं शूटिंग झालं त्यात तर तुम्ही दारू गाळणारी. ज्या बाईनं जन्मात सुपारी खाल्ली नाही, ती फौजदाराला डबक्यात ढकलून देते आणि वर म्हणते, “धुऊन घ्या साहेब, वर्दी सरकारची हाय.” सगळं थिएटर लोळलं. मीही हसलो आणि मध्येच माझा हसायचा मूड गेला. गाण्यावाचून ही बाई इतकी मजेत कशी, याचा मला राग आला. चांगुलपणाचा आव आणून कशाला लिहू? मला तुम्ही थोड्या दुःखी दिसायला हव्या होतात.

सासू, न्यायाधीश, कामगारीण, हातभट्टीवाली. एकीचं चालणं दुसरीत नाही, एकीचं बोलणं दुसरीत नाही. नाटकात तुम्ही तीस वर्षं एकच होता, शालू नेसलेली नायिका. मग या बाकीच्या बायका इतकी वर्षं कुठं बसल्या होत्या? माझ्या ऑर्गनच्या आवाजात मला त्या ऐकूच आल्या नाहीत का?

आपलं खरं भांडण झालं ते गाणाऱ्या बाईंच्या सिनेमावरून. तुम्ही म्हाताऱ्या गानगुरू झाला होता, आणि गाणी मात्र मुंबईच्या कुणा मुलीनं म्हटलेली. तुमचे ओठ हलतात आणि दुसरीचा गळा बाहेर पडतो. मी मध्यंतराला उठून आलो. तसाच तुमच्या घरी. तुम्ही चहा टाकला होता.

मी म्हटलं, “ताई, तुमच्या तोंडात दुसरीचा गळा?”

“चांगला आहे की तिचा.”

“तुमचा काय वाईट होता?”

तुम्ही गाळणं धुतलं, जागेवर ठेवलं. “आप्पा, मी गाणं का बंद केलं, असं तुम्हाला विचारायचंय ना?”

“हो.”

“मग तुम्हीच सांगा. तुम्हाला ठाऊक असेल.”

एवढं तुम्ही बोललात. आवाजात टोमणा नव्हता, हे मी आज शपथेवर सांगतो. कान माझे शाबूत आहेत. पण त्या वेळी मला तो टोमणाच वाटला. मी म्हटलं, “मला कसं ठाऊक असणार?” तुम्ही माझ्याकडं थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, “चहा निवतोय.” मी चहा प्यायलो. साखर कमी होती, तेही बोललो नाही. नंतर कितीदा आलो, मेधाच्या लग्नाला पंगतीत वाढलं, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला डबे पोचवले, पण तो विषय आपण दोघांनीही काढला नाही. गेल्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा रोज दुपारी येऊन बसत होतो. रोज ठरवून यायचो, की आज सांगायचं. आणि रोज पाणी हवं का, पंखा वाढवू का, एवढं विचारून परत जायचो. शेवटच्या दिवशी तुम्ही ओळखत नव्हता. त्या दिवशी मी सांगितलं. हे असलं सांगणं म्हणजे बंद खिडकीवर जाऊन तिकीट मागणं.

आता खरं लिहायचं ते काल घडलं.

काल बारावा दिवस. मेधानं चार माणसं जेवायला बोलावली होती. दुपारी दाराशी एक टेंपो थांबला आणि एक म्हातारी उतरली. हिरवं लुगडं, दंडात चांदीचं जाडजूड कडं, हातात मटकीचं गाठोडं. बरोबर मुलगा होता, तो मुंबईत माल वाहतो. माण तालुक्यातनं आले होते, दहिवडीच्याही पुढनं. तुमचा तो मेंढपाळ म्हातारीचा सिनेमा झाला ना, ज्यात अख्ख्या सिनेमात तुम्हाला एकच वाक्य आहे, त्याच्यासाठी तुम्ही महिनाभर त्यांच्या घरी राहिला होता. मला तुम्ही तेव्हा एवढंच सांगितलंत, की मेंढरांचा वास साडीतून जात नाही. या धोंडाबाईंचं नावही कधी घेतलं नाहीत.

त्या फोटोसमोर बसल्या. जिलेबीवाला फोटो बघून म्हणाल्या, “व्हय, हीच.” सिनेमा त्यांनी बघितलेला नाही. “म्या कशाला बगू? बाई माझ्या चुलीम्होरंच बसायच्या. म्हातारी कशी बसती, कशी खोकती, समदं माझंच न्हेलं त्यांनी.” डोळे पुसले, पाणी प्यायल्या, आणि मेधाला विचारलं, “पेटीवाले आप्पा हितं येत्यात का?”

मेधानं माझ्याकडं बोट केलं. मी त्यांना ऑर्गन आणि पेटीतला फरक सांगितला नाही, हे तुमच्या माहितीसाठी.

“तुमी व्हय? बाई लय नाव काडायच्या तुमचं.”

“काय म्हणायच्या?”

“सांजंला मेंढरं कोंडली की बाई गायच्या. देवाचंच म्हनायच्या, पर पार खाली, बाप्यागत. म्या म्हनलं, बाई, तुमी नाटकातल्या, वर जाऊन म्हना की. तर म्हनल्या, धोंडाबाई, हितं पेटी न्हाई, कितीबी खाली गेलं तरी कुनाच्या जिवाला लागत न्हाई.”

माझ्या हातात मठ्ठ्याची वाटी होती. ती मी खाली ठेवली. मी विचारलं, “कुणाच्या जिवाला लागायचं?”

“तुमच्याच की. म्या इचारलं त्यास्नी, एवडा ग्वाड गळा हाय तर नाटक कशापायी सोडलं? तर म्हनल्या, माजा आवाज खाली आला तवा आमच्या पेटीवाल्यानं मला न सांगता पेटी खाली आनली. लय जीव लावनारा माणूस. पर त्या दिसापासनं त्यो वाजवताना माझ्याकडं बगंना. आदी सारकं माझ्या त्वांडाकडं बगून वाजवायचा. मागनं मान खालीच. एक दिस न्हाई, दोन दिस न्हाई, वरीसभर. म्या एवडं चांगलं गायचे, लोकं टाळ्या वाजवायचे, आनि त्यो चोरी केल्यावानी बसल्याला. मंग म्या म्हनलं, माझ्यापायी ह्या माणसानं किती दिस मान खाली घालायची? म्हून सोडलं.”

“त्यांनी मला का नाही सांगितलं?”

धोंडाबाईंनी पदर सावरला. “म्या बी त्येच इचारलं. तर म्हनल्या, त्यानं माझ्यापास्नं लपवलं, ते माझी लाज राखायला. आता म्या त्याला कळू दिलं तर त्याची जाईल की.”

मुलगा दारातून म्हणाला, “आये, टेंपो रस्त्यात हाय.” त्या उठल्या. जाताना मला म्हणाल्या, “आवं, रडू नगा. बाई तिथं लय झ्याक गायच्या.”

ताई, मी काल रात्रभर नाही, पण आज सकाळपासून हे समजून घ्यायचा प्रयत्न करतोय. तुम्हाला पहिल्याच आवर्तनात कळलं होतं. म्हणजे दुसरी वाट खरी. पण अपमान झाला नव्हता. म्हणजे दुसरी वाटही खोटी. तुम्ही नाटक माझ्यामुळंच सोडलंत. तुम्ही नाटक माझ्यासाठी सोडलंत. ही दोन वाक्यं वेगळी आहेत एवढं मला कळतं, पण त्यातलं कुठलं ऐकून मला हलकं वाटायला हवं आणि कुठलं ऐकून जड, ते कळत नाही. सकाळी पहिलं हलकं वाटत होतं. आता ते जड झालंय.

आणि तुमच्यावर रागही आलाय, तो लिहितोच. एक पट्टी उतरवली म्हणून तुम्ही अख्खं गाणं उचलून ठेवलंत? सरळ म्हणायचं होतं, “आप्पा, कळलंय मला, आता मान वर करा.” मी जरा शरमलो असतो, आठ दिवस तोंड दाखवलं नसतं, आणि मग आपण आणखी दहा वर्षं पांढरी सहामध्ये मजेत काढली असती. पुढं काळी चारवर आलो असतो. माणसं उतरतातच. तुम्ही दहिवडीच्या माळावर एका परक्या बाईला सांगितलंत आणि मला चहा पाजलात. मी एकोणीस वर्षं तुम्हाला वाचवत होतो आणि तुम्ही मला, आणि या सगळ्या वाचवावाचवीत गाणं तेवढं गेलं. शहाणी माणसं असं करत नाहीत. आपल्या दोघांत एक तरी शहाणं असायला हवं होतं, आणि वयानं मोठा मी होतो.

पण आभारही आहेत. ते कसे मानायचे, तेवढंच सुचत नाही. माझ्या मानेची एवढी काळजी माझ्या घरातल्यांनीही कधी केली नाही.

धोंडाबाई गेल्यावर मी एकटाच बसून आठवत होतो, की खरंच मी बघत नव्हतो का. तीस वर्षं मी तुमचा श्वास तुमच्या ओठांवरून ओळखत आलो. तान कधी सोडणार, कधी धरणार, ते आधी डोळ्यांत दिसायचं, मग मला ऐकू यायचं. न बघता साथ करणं मला जमेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण ते शेवटचं वर्ष आठवायला गेलो तर मला पट्ट्या दिसतात. पांढरी सहा, तिच्या टोकाचा निघालेला टवका, माझ्या उजव्या हाताची नखं. तुमचा आवाज सगळा जसाच्या तसा ऐकू येतो, त्यातली एकही जागा विसरलेलो नाही. धोंडाबाई म्हणाल्या ते खरं आहे.

परवा सभेत मी उभा राहीन. खरं ते सांगेन, की पट्टी मी उतरवली होती, न विचारता, आणि ताईंना ते माहीत होतं. लोकांना कदाचित यात काय मोठंसं, असं वाटेल. अर्धाच तर सूर. नंतर ते पडद्यावर तुमचे सिनेमे दाखवणार आहेत, थोडे थोडे तुकडे. मला त्यांची गरज नाही. तुमच्या त्या सगळ्या बायका मला डोळे मिटून दिसतात, एकेक भुवई, एकेक सुरकुती. त्या वर्षी तुम्ही माझ्यापासून चार हातांवर उभं राहून सतरा वेळा गायलात, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गायलात, आणि गाताना तुमचा चेहरा कसा दिसत होता, ते मला माहीत नाही, ताई. मी बघितलाच नाही.